चावी काढली की बंद!

आमच्या घरात ‘लक्षात ठेवणे’ हे खातं पहिल्यापासून माझ्याकडे आहे. गीझर बंद केला का, गॅसचं बटण फिरवलं का, टाकी भरून वाहत तर नाही ना, सगळं मीच बघायचं. चालू कुणीही करो, बंद करायला विसरली ती मीच! तुमच्याकडेही फारसं वेगळं नसेल. पण या लक्षात ठेवण्यावर किती भरवसा टाकावा, याचा धडा मला आमच्या मोटारीने दिला. तोच आज सांगते.

गोष्ट ऑगस्ट २०१९ची. आम्ही साताऱ्याला आणि माझं माहेर सांगलीला, गावभागात, नदीपासून जवळच. वडील गेल्यापासून आई तिथे एकटी. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, कोयना धरणातूनही पाणी सोडत होते. म्हटलं, आईला आठ दिवस आपल्याकडे आणावं. ह्यांना रजा नव्हती, तेव्हा मी एकटीच गाडी घेऊन निघाले.

आईला मधुमेह आहे. तिचं इन्शुलिन प्रवासात गार राहावं म्हणून मी गाडीतला छोटा थंड डबा घेतला होता. मोबाइल चार्ज करतो त्याच सॉकेटमध्ये त्याची पिन घालायची. जाताना रिकामा कशाला न्या, म्हणून त्यात आईसाठी खरवस ठेवला. कराड, पेठ नाका, आष्टा करत संध्याकाळी सातला पोचले. गाडी दाराशी लावली, खरवस पदराखाली घेतला आणि भर पावसात घरात पळाले. चावी काढली, दारं लावली. डब्याची पिन मात्र सॉकेटमध्येच राहिली. पावसाच्या आवाजात त्याच्या पंख्याची घरघर कुठली ऐकू यायला!

पहाटे सहाला शेजारच्या काकांनी दार वाजवलं. “पाणी चढतंय गं पोरी. आईला घेऊन निघ.” आईने औषधं घेतली, देव्हाऱ्यातला गणपती पदरात घेतला आणि गाडीत जाऊन बसली. मी चावी फिरवली. नुसतं टक् टक्! पुन्हा सेल्फ मारला. तेही बंद. बॅटरी पार उतरली होती.

त्या वेळी पोटात जो गोळा आला, तो आजही आठवतो. आई मागे बसून म्हणत होती, “अगं, होईल चालू, घाबरू नकोस,” आणि घाबरली होती तीच. काकांच्या मुलाने दुसऱ्या गल्लीतून कुणाचा तरी छोटा टेम्पो आणला, त्याच्या बॅटरीवरून वायरी लावल्या, तेव्हा कुठे गाडी सुरू झाली. यात सव्वा तास गेला. आम्ही निघालो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी पाणी आलं होतं. साताऱ्याचा रस्ता धरायची आशा सोडून मी धाकट्या बहिणीकडे विश्रामबागेत गेले. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही कृष्णेची धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आईच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर पाणी होतं. त्या सव्वा तासाचा अर्थ मला नंतर कळला.

पाणी ओसरल्यावर साताऱ्याला आलो. सगळं ऐकून घेतल्यावर हे म्हणाले, “त्यात काय, उतरताना पिन काढायचं लक्षात ठेवत जा.”

झालं! माझ्या खात्यात आणखी एक काम. एरवी मी ‘बरं’ म्हटलं असतं. पण त्या दिवशी म्हटलं, “नाही. मी लक्षात नाही ठेवणार. पाऊस असेल, आई आजारी असेल, हातात सामान असेल, तेव्हाच माणूस विसरतो. आणि नेमकी तेव्हाच गाडी लागते. सॉकेटच असं करून घेऊ, की चावी काढली की ते आपोआप बंद होईल.”

दुसऱ्याच दिवशी गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या कारागिराकडे गेले आणि शेजारी स्टूल घेऊन बसले. त्याने आधी हिशेब सांगितला. आमची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. म्हणजे तासाला एक अँपिअर खर्च केला तर कागदावर ३५ तास पुरणारी. माझा थंड डबा घेतो ४ अँपिअर. संध्याकाळी सात ते सकाळी सहा, अकरा तास. अकरा चोक चव्वेचाळीस! साठवणाच्या डब्यात जेवढं धान्य नाही, त्याहून जास्त मापं आम्ही काढायला गेलो होतो. नुसता मोबाइलचा चार्जर फार खात नाही, पण गाडी आठवडाभर उभी असेल आणि बॅटरी जुनी असेल, तर थेंबे थेंबेही तळं रिकामं होतं.

मग त्याने सॉकेट उघडलं. गाडी आम्ही जुनी घेतलेली. आधीच्या मालकाने हे जादा सॉकेट बसवून घेताना त्याची वायर सरळ बॅटरीवर जोडलेली होती. चावीशी तिचा काही संबंधच नव्हता. वर बॅटरीपाशी फ्यूजही नव्हता! ती वायर कुठे घासून पत्र्याला टेकली असती, तर तापून पेटली असती. बॅटरी उतरली तेच बरं, असं म्हणायची वेळ आली.

मी म्हटलं, “मग ही वायर चावीच्या वायरीला जोडून टाका.” तो हसला. चावीकडच्या वायरी बारीक असतात, त्यांच्यावर एवढा भार टाकायचा नसतो. त्यासाठी मध्ये रिले बसवायचा. रिले म्हणजे चार पायांची छोटी डबी. पायांवर आकडे असतात. ३० वर बॅटरीचा करंट आणायचा, ८७ वरून सॉकेटला न्यायचा, ८५ गाडीच्या पत्र्याला अर्थ करायचा आणि ८६ ला चावीवरची वायर. मला ते लगेच पटलं. चावी म्हणजे घरातली सासू, नुसता हुकूम सोडते. ओझं उचलतो तो रिले! चावी फिरली की तो आतलं दार उघडतो, चावी काढली की लावून घेतो.

चावीवरची वायर कोणती, हे त्याने टेस्ट लॅम्पने शोधलं. चावी लावल्यावर दिवा लागला पाहिजे, काढल्यावर विझला पाहिजे. त्याने ती रेडिओच्या फ्यूजवरून घेतली. एअरबॅग, ब्रेक किंवा इंजिनाच्या फ्यूजला हात लावायचा नाही, हे त्याने बजावून सांगितलं. काम करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली आणि बॅटरीला लागूनच १५ अँपिअरचा फ्यूज घातला. फ्यूज उडाला तर मोठा घालायचा नाही, का उडाला ते शोधायचं. घरच्या फ्यूजचा नियमच की हा!

तासाभरात काम झालं. तोटा एकच, चहाला थांबून चावी काढली की डबाही बंद पडतो. त्याला उपाय सोपा. झाकण उघडायचं नाही. लांबचा मुक्काम असेल, तर इन्शुलिन थर्मासमध्ये ठेवून आपल्याबरोबर उतरवायचं, मात्र बर्फाला टेकू द्यायचं नाही. गोठलेलं इन्शुलिन वाया जातं.

मैत्रिणींनो, तुमच्या गाडीचं एकदा बघा. चार्जर लावून चावी काढा, दारं बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी पाहा. काही गाड्यांत करंट जरा उशिराने जातो. तरीही चार्जरचा दिवा जळत असेल, तर सॉकेट चावीवर नाही. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच विचारा, बाहेर वायर कापून घेऊ नका.

आई आता आमच्याकडेच असते. मागच्या महिन्यात सांगलीला जाऊन आलो. रात्री परतलो, दोघीही दमलेल्या. जिना चढताना आईने सवयीने विचारलं, “पिन काढलीस का गं?”

“नाही काढली,” मी म्हटलं, आणि तशीच वर आले.