हरणाऱ्यांच्या बाजूचे आम्ही

फुटबॉलमध्ये आम्ही सॅन मारिनोच्या बाजूचे आहोत, असे सांगितले की ऐकणारा आधी हसतो आणि मग हा देश नेमका कुठे आहे, असे विचारतो. दोन्ही गोष्टी स्वाभाविकच. आमच्या धर्मग्रामातील मुले रविवारी मिस्सेनंतर देवळामागच्या मैदानात उतरतात, तेव्हा कुणाच्या पाठीवर मेस्सीचे नाव असते, कुणाच्या रोनाल्डोचे. सॅन मारिनोचा आकाशी सदरा घातलेला मुलगा आम्ही अद्याप पाहिलेला नाही. तो कुठे विकत मिळत असेल, असेही आम्हांस वाटत नाही.

चहूबाजूंनी इटलीने वेढलेले हे प्रजासत्ताक जेमतेम ६१ चौरस किलोमीटरचे आहे. लोकवस्ती ३४ हजारांच्या आसपास, म्हणजे मुंबईच्या एखाद्या वॉर्डाहूनही कमी. परंपरा अशी की, आजच्या क्रोएशियातील राब बेटावरून आलेला मारिनुस नावाचा पाथरवट छळाच्या काळात मोंते तितानो या डोंगरावर आश्रयाला गेला आणि सन ३०१ मध्ये तेथे त्याने ख्रिस्ती लोकांची लहानशी वस्ती उभी केली. हा पाथरवट पुढे दीक्षित झाला आणि संतपदाला पोहोचला. त्याचा सण ३ सप्टेंबरला येतो. मोठमोठी साम्राज्ये आली आणि गेली. डोंगरावरची ही वस्ती मात्र राहिली. टिकून राहणे हा त्या लोकांचा जुना धंदाच आहे म्हणायचा.

आमचे नाते जडले ते १९९३ साली. त्या वेळी आम्ही सेमिनरीत शिकत होतो. वाचनालयात वर्तमानपत्राची एकच प्रत येई आणि तिच्या शेवटच्या पानासाठी ब्रदर मंडळींमध्ये ओढाताण चाले. १७ नोव्हेंबरला बोलोन्या येथे विश्वचषकाच्या पात्रता फेरीत इंग्लंडची गाठ सॅन मारिनोशी होती. इंग्लंडला मोठ्या फरकाने जिंकणे भाग होते. सामना सुरू झाला, इंग्लंडच्या स्टुअर्ट पियर्सने आपल्या गोलरक्षकाकडे चेंडू मागे ढकलला, तो कमी पडला आणि दाविदे ग्वाल्तिएरी या खेळाडूने धावत जाऊन गोल केला. घड्याळात नऊ सेकंदही धड उलटली नव्हती. त्यानंतर सुमारे वीस मिनिटे जगाच्या पाठीवरचा हा ठिपका इंग्लंडच्या पुढे होता. शेवटी इंग्लंडने ७–१ असा विजय मिळवला, तरीही त्यांची विश्वचषकाची वाट बंदच झाली. इतरांनी त्या बातमीत इंग्लंडची फजिती वाचली. आम्हांला मात्र त्या वीस मिनिटांचे कुतूहल लागून राहिले. आपण फार काळ पुढे राहणार नाही हे पक्के ठाऊक असताना ती अकरा माणसे ती मिनिटे कशी खेळली असतील?

पुढची हकिगत म्हणजे पराभवांची जंत्री आहे, ती सगळी देऊन वाचकांस शिणवत नाही. २००६ साली जर्मनीने त्यांच्याच मैदानावर त्यांना १३–० असे धुतले. एका मालिकेत ते ओळीने ६१ सामने हरले. ती मालिका नोव्हेंबर २०१४ मध्ये एस्टोनियाशी झालेल्या ०–० या बरोबरीने तुटली आणि लोकांनी ती बरोबरी विजयासारखी साजरी केली. संघातील बहुतेक खेळाडू हौशी. कुणी कचेरीत, कुणी दुकानात, कुणी महाविद्यालयात. १९९८ पासून पंधरा वर्षे संघाला शिकवणारे जांपाओलो मात्सा हे पेशाने शाळेतील व्यायामशिक्षक होते. त्यांच्या पाठिराख्यांच्या एका मंडळाने स्वतःचे नाव काय ठेवावे? ‘ब्रिगाटा माई उना जोया’, म्हणजे ‘कधी एक आनंद नाही’ असे म्हणणाऱ्यांची पलटण! काही मनासारखे घडले नाही की इटालियन माणूस कपाळाला हात लावून हेच तीन शब्द म्हणतो. आपल्या दुखण्यालाच झेंड्यावर चढवणारी ही माणसे आम्हांला फार जवळची वाटतात.

२०१६ च्या नोव्हेंबरात जर्मनीने त्यांना पुन्हा ८–० असे हरवले. त्यानंतर थॉमस म्युलर या नामवंत खेळाडूने अशा सामन्यांचा व्यावसायिक फुटबॉलशी काही संबंध नाही, असा सूर लावला. सॅन मारिनोच्या आलान गास्पेरोनी यांनी त्याला जाहीर पत्राने उत्तर दिले. या सामन्याचे काय काय उपयोग झाले, ते त्यांनी एकामागून एक सांगितले होते. त्यांतला एक म्हणजे, आमच्यासारख्या दुबळ्या संघाविरुद्धही तुम्हांला गोल करता येत नाही, हे यामुळे सिद्ध झाले! आठ गोलांमध्ये म्युलरचा एकही नव्हता, ही वस्तुस्थिती. दुसरा उपयोग गंभीर होता. फुटबॉल तुमच्या मालकीचा नाही, त्याच्यावर प्रेम करणाऱ्या सर्वांचा आहे आणि त्यांत आम्हीही आलो, असे त्यांनी लिहिले. पत्र वाचताना आम्ही मनोमन त्यांना दाद दिली.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हरण्याचे कौतुक आम्हांला नाही. ‘निकालाला काय महत्त्व, भाग घेतला हेच पुष्कळ’ असे जे बक्षीस समारंभात बोलले जाते, तेही आम्हांला पटत नाही. प्रमुख पाहुण्यांना ते बोलणे सोपे असते. ते हरलेले नसतात. निकालाला महत्त्व नसते, तर मैदानात घाम कशासाठी गाळायचा? पराभव सलला पाहिजे. प्रत्येक वेळी, पहिल्या वेळेइतकाच सलला पाहिजे. आणि तरीही पुढच्या सामन्याला माणूस आला पाहिजे. ज्याला सलत नाही त्याने संघ केव्हाच सोडलेला असतो, मग तो स्टेडियममध्ये बसलेला का असेना.

आमच्या धर्मग्रामाचा संघ आंतर-धर्मग्राम स्पर्धेत लागोपाठ चार वर्षे पहिल्याच फेरीत बाद झाला. गेल्या वर्षी नाव नोंदवायची वेळ आली, तेव्हा बचाव फळीत खेळणारा एक मुलगा आमच्याकडे आला. “फादर, हरायलाच जायचं असेल तर कशाला जायचं? आणि सवय झाली की तसं काही वाटतही नाही म्हणा.” त्याचे पहिले वाक्य आम्हांला पटले, दुसऱ्याने काळजीत टाकले. आम्ही उपदेश केला नाही. ग्वाल्तिएरीचा गोल आणि नंतरचे सात गोल, दोन्ही सांगितले. तो हसला, पण नाव नोंदवायचे की नाही हे त्या दिवशी बोलला नाही.

त्याच सुमारास धर्मग्रामातील एक माता आमच्याकडे आली होती. तिचा मुलगा दारूच्या व्यसनातून सुटण्यासाठी चौथ्यांदा केंद्रात दाखल झाला होता. तिन्ही वेळा तो बरा होऊन घरी आला आणि तिन्ही वेळा घसरला. सुटकेच्या दिवशी त्याला आणायला ती पहिल्या वेळी गेली तशीच जाणार होती, इस्त्रीचा शर्ट घेऊन. या वेळी तरी तो टिकेल, असे तुम्हांला वाटते का, असे आम्ही विचारले. “फादर, ते नाय माहीत. पण गेटावर कोणतरी उभा नको?” एवढेच ती म्हणाली. तिच्यासमोर फुटबॉलचे नाव काढण्याचे धाडस आम्हांला झाले नाही. मार खाऊन परतलेल्या एखाद्या भगिनीला निष्ठेचे धडे देण्यासाठी तर ही उपमा कुणी कधीच वापरू नये. उपमा कुठवर न्यायची, हे धर्मगुरूला कळले पाहिजे.

सॅन मारिनोचा पहिला विजय २८ एप्रिल २००४ चा. लिक्टेनस्टाइन या दुसऱ्या चिमुकल्या देशाविरुद्ध, मैत्रीच्या सामन्यात, आंदी सेल्वाच्या फ्री किकवर १–०. त्यानंतर विजय नसलेले १४० सामने गेले. २०२४ च्या सप्टेंबरात मारियामातेच्या जन्मोत्सवाची नोव्हेना चालू होती आणि आमचा दिवस पहाटे सुरू होत असे. तरीही ५ तारखेच्या रात्री आम्ही मोबाइल उशाशी ठेवून जागे राहिलो. संत मारिनुसच्या सणाला दोनच दिवस झाले होते. समोर पुन्हा लिक्टेनस्टाइनच, या खेपेस नेशन्स लीगमध्ये. उत्तरार्धात निको सेन्सोलीने गोल केला. हा मुलगा १९ वर्षांचा, म्हणजे मागचा विजय मिळाला तेव्हा तो जन्मलाही नव्हता. १–० वर सामना संपला, तेव्हा मध्यरात्र केव्हाच उलटून गेली होती. अंधाऱ्या खोलीत एकट्यानेच टाळ्या वाजवताना आम्हांला क्षणभर लाज वाटली, मग वाटेनाशी झाली.

त्याच नोव्हेंबरात फाडुत्स येथे लिक्टेनस्टाइनने आघाडी घेतली असता सॅन मारिनोने तीन गोल करून सामना जिंकला. परक्या मैदानावरचा हा त्यांचा पहिलाच विजय. गटात ते पहिले आले आणि वरच्या श्रेणीत चढले. त्या पलटणीने आता आपले नाव बदलावे काय, असा विनोद आम्ही सहकारी धर्मगुरूंना ऐकवला. तो कुणाला कळला नाही.

नाव बदलण्याची गरज पुढे पडलीही नाही. विश्वचषकाच्या पात्रता फेरीतले आठही सामने ते हरले. ९ ऑक्टोबर २०२५ रोजी व्हिएन्नात ऑस्ट्रियाने त्यांना दहा गोलांनी हरवले. १८ नोव्हेंबरला शेवटचा सामना रुमानियात होता. सुरुवातीच्या दोन-तीन मिनिटांतच जाकोपेत्तीने गोल केला आणि सॅन मारिनो पुढे गेले. अंतिम निकाल ७–१, अगदी बोलोन्यातल्यासारखा. आम्ही तो सकाळी, नाश्त्याच्या टेबलावर वाचला. चहा निवला होता.