दोन नावांचा रिपोर्ट

लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तेव्हा आईने मुतखडाच धरला. सोयाबीनची काढणी चालू होती. थकवा, पायांवरची सूज तिने रानावर ढकलली. खोकल्यातून रक्त पडलं त्या दिवशी मी नांदेडहून निघाले आणि लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठलं. किडनीचा बिघाड दाखवणारं क्रिएटिनिन ४.८. चार दिवसांनी ७.१.

किडनीचा तुकडा काढून तपासला. डॉक्टरांनी कागदावर गोल काढून दाखवले: गाळणीच्या २० गुच्छांपैकी १३ गुच्छांत चंद्रकोरी. सुजेमुळे पेशींचा थर कोरीच्या आकारात साचतो आणि गुच्छाला चेपतो. आई जन्मभर कपाळाला चंद्रकोर लावत आलेली. तो शब्द ऐकताच तिचा हात कपाळाकडे गेला.

रक्ताच्या रिपोर्टात दोन नावं होती, अँटी-जीबीएम आणि एमपीओ-अँका. पहिली अँटिबॉडी गाळणीच्या पडद्यातल्या कोलॅजनवर थेट हल्ला करते. तेच कोलॅजन फुफ्फुसातही असतं, म्हणून खोकल्यात रक्त. दुसरी आपल्याच पांढऱ्या पेशींना भडकवते आणि त्या बारीक रक्तवाहिन्या जाळत सुटतात. पहिली असलेल्या साधारण एक तृतीयांश रुग्णांत अँकाही सापडते.

"साहेब, मग खरा आजार कोणता?" मी विचारलं.

"दोन्ही. आत्ताची घाई पहिलीची, पुढची राखण दुसरीची."

घाई लगेच कळली. प्लाझ्मा बदलणं, स्टेरॉइड, सायक्लोफॉस्फामाइड आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस. २०१६ साली मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, त्या उन्हाळ्यात आईने घागरी मोजल्या होत्या. आता डायलिसिसवर ती पाण्याचे घोट मोजत होती. डायलिसिसवर गेलेली किडनी अशा आजारात सहसा माघारी येत नाही, हे डॉक्टरांनी आमच्यापासून लपवलं नाही. पण तिची लघवी पुरती बंद पडली नव्हती आणि सात गुच्छांत चंद्रकोर नव्हती. सगळी भिस्त त्या सात गुच्छांवर. दीड महिन्याने डायलिसिस सुटलं, क्रिएटिनिन २.४ वर स्थिरावलं.

राखण कळायला मात्र वर्ष गेलं. "लघवी तर साफ होऊ लाली की पोरी, आता कशाला गोळ्या?" आईचा हट्ट. भावाचंही तेच. खरं सांगते, तिला आलेल्या नागिणीचे फोड बघून मलाही तसंच वाटायचं, कारण या गोळ्या प्रतिकारशक्तीच दाबून ठेवतात. रिपोर्टात एकटं पहिलं नाव असतं, तर कदाचित काही महिन्यांत औषधं आटोपली असती. तो आजार एकदा शमला की क्वचितच उलटतो. अँकाचा आजार उलटतो, वर्षांनीसुद्धा. दोन्ही असलेल्यांनाही ते भय राहतंच. म्हणून अझाथायोप्रिनची गोळी चालू आहे.

अँटी-जीबीएम आता तपासणीत सापडत नाही. अँकाचा आकडा मात्र खालीवर होतो. नुसत्या आकड्यावर डॉक्टर औषध बदलत नाहीत; लघवीतलं रक्त, प्रथिनं आणि क्रिएटिनिन सोबत बघतात. रिपोर्टांची पिशवी आईने सातबाऱ्याच्या पेटीत ठेवली आहे. रोज सकाळी सहाला तिचा फोन येतो आणि कशी आहेस विचारायच्या आधीच ती सांगते, "आज पिवळी हाय."