जुन्नरच्या पेठेतला समुद्र

जुन्नर पाहायला येणारा बहुतेक प्रवासी शिवनेरी चढतो, लेण्याद्रीला जातो आणि गावात न शिरताच परत फिरतो. त्यामुळे या किल्ल्याला आणि लेण्यांना ज्या नगराने पोसले, ते नगरच त्याचे पाहायचे राहून जाते. स्पेनच्या अटलांटिक किनाऱ्यावरील कादिझ या प्राचीन बंदरात पाहुणा आवर्जून मंडईत जातो, कारण 1838 सालच्या तेथील मंडईत मासळीच्या ओट्यांपुढे रोजच्या गिऱ्हाइकांमध्ये उभे राहिले, की ते शहर काय खाते आणि कशासाठी घासाघीस करते हे आपोआप उलगडते. जुन्नरलाही याच वाटेने शिरायला हवे. सह्याद्रीच्या अलीकडे, कुकडीच्या काठी वसलेले असले तरी हे गाव शतकानुशतके समुद्राच्या जिवावर जगले आहे.

नाणेघाट, म्हणजे कोकणातून देशावर चढणारी सातवाहनकालीन खिंड, येथून सुमारे 30 किलोमीटरवर आहे. घाटमाथ्यावर परंपरेने जकातीचा मानला जाणारा दगडी रांजण अजून उभा आहे आणि खाली उतरणारी वाट कल्याण व सोपारा या बंदरांकडे जात असे. गावातील एका पेठेचे, म्हणजे व्यापारासाठी वसलेल्या वस्तीचे, नाव आजही कल्याण पेठ आहे. जुन्नरच्या लेण्यांत यवनांची, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेल्या लोकांची, दाने कोरलेली आहेत: इरिलाने पाण्याची टाकी दिली, चिटाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला आणि चंदाचेही नाव तेथे आहे. त्याहून मोलाचा वाटतो तो धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीचा, म्हणजे व्यावसायिक संघाचा, लेख. या संघाने सात खोल्यांचे लेणे आणि एक टाके दान दिले. राजांच्या वंशावळींपेक्षा हे धान्यवाले जवळचे वाटतात, कारण त्यांचा धंदा करणारी माणसे या गावात आजही भेटतात.

रविवारी आठवडे बाजार भरतो तेव्हा आपटाळे, इंगळून, घाटघर अशा पश्चिमेकडील गावांतून महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या बायका गाठोडी घेऊन उतरतात. हंगामात त्यात बाळहिरडा असतो. कोवळेपणीच झाडावरून उतरवून उन्हात वाळवलेले हे फळ काळे, सुरकुतलेले आणि दगडासारखे कठीण होते, औषधासाठी दूरवर जाते आणि अनेक आदिवासी घरांचा वर्षाचा रोकड खर्च त्यावरच भागतो, म्हणून त्याचा भाव पडला की डोंगरातल्या वाड्या हवालदिल होतात. बाजाराच्या एका कडेला गोणपाटावर सुकट आणि बोंबलांचे ढीग मांडलेले असतात. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, ती घेणारी बाई आधी चिमूटभर तळहातावर घेते, वाळू लागते का ते बोटाने चोळून पाहते, वास घेते आणि मगच म्हणते, “मावशी, माप दाबून भरा, वर थोडी टाका.” समुद्र येथे असा पोहोचतो, मिठात आणि उन्हात सुकून, आणि पावसाळ्यात भाजीपाला महागला की भाकरीबरोबर तोच उपयोगी पडतो.

ज्या घरात सुकट चालत नाही, तेथेही किनारा निराळ्या रूपाने असतोच. जुन्नर आणि आंबेगावची ओळख झालेली मासवडी करताना बेसन घट्ट शिजवून ओल्या फडक्यावर थापतात, त्यात तीळ, सुके खोबरे, कांदा आणि लसूण यांचे भाजलेले सारण भरतात, फडक्यानेच गुंडाळी करून तिला हाताने त्रिकोणी धार आणतात आणि वड्या कापून झणझणीत रश्श्याबरोबर वाढतात. त्या वडीला मासळीच्या तुकड्याचा आकार देण्याची हौस आणि सारणातले नारळाचे खोबरे, दोन्ही घाटाखालून वर आलेली असावीत असे मानायला मन सहज तयार होते.

नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजाराची उलाढाल आता जुन्नरपेक्षा मोठा गाजावाजा करते. तरीही या मुलखाचा जुना श्वास ऐकायचा तर जुन्नरलाच, आणि रविवारीच यावे. गाडी वेशीबाहेर ठेवून कल्याण पेठेतून पायी बाजारात शिरावे, वाट्यावर मांडलेली भाजी घ्यावी, सुकट चोळून पाहावी, आणि शिवनेरी सोमवारी चढावा.