भंगारातला फिरोजी रंग

'भंगार' हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? गंजलेले पत्रे, वाकलेले खिळे, वायरींची भेंडोळी! आपण नाक मुरडतो आणि पुढे जातो. पण मातीच्या भांड्यांना शोभा आणणारे तपकिरी, हिरवे आणि फिरोजी रंग याच ढिगात दडलेले असतात, असे मी सांगितले तर तुम्हांला खरे वाटेल का?

आधी काही शब्दांची ओळख करून घेऊ. लोखंड ओलसर हवेत राहिले की त्यावर तांबूस थर चढतो. उर्दूत आपण त्याला 'जंग' म्हणतो, मराठीत 'गंज'. तांब्यावर हिरवा थर चढतो. तो उर्दूत 'जंगार' आणि मराठीत 'जंगाल'. जंगार आणि जंगाल हे तर सख्खे भाऊच!

माझे नाना कल्हईवाले होते. भाता, कोळसे, नवसागर आणि कथील घेऊन ते पुण्याच्या पेठांतून फिरत. कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली की ती कळकते. असा पदार्थ खाणाऱ्याला बाधतो. म्हणून भांड्याला आतून कथलाचा पातळ मुलामा द्यायचा. नाना म्हणत, "बेटी, तांबे वाईट नसते. ते कुठे ठेवावे आणि कुठे ठेवू नये, एवढे कळले पाहिजे."

बी.एड. झाल्यावर मी उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवू लागले. आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या वडिलांचे भंगाराचे दुकान होते. मुले त्याला 'भंगारवाला' म्हणून चिडवीत. रविवारी तो दुकानामागे जुन्या वायरी पेटवून त्यांतले तांबे काढी आणि सोमवारी वर्गात खोकत बसे. वायरीवरचे प्लॅस्टिक जळताना निघणारा काळा धूर अतिशय विषारी असतो. पण नुसते "असे करू नकोस" म्हणून भागणार नव्हते. घर त्याच पैशांवर चालत होते.

एके दिवशी मी त्याला विचारले, "सोललेल्या तांब्याला भाव जास्त की जाळलेल्या?"

"सोललेल्याला, टीचर. जाळलेले काळे पडते. त्याचा भाव कमी येतो."

"मग जाळता कशाला?"

"सोलायला वेळ लागतो."

मी म्हटले, "मला पाव किलो सोललेले तांबे आण. आणि लेथवरचा लोखंडाचा कीसही आण. रास्त भावाने विकत घेईन. मला रंग बनवायचे आहेत." सारा वर्ग हसू लागला. तो मात्र हसला नाही. दुसऱ्याच दिवशी दोन पिशव्या घेऊन आला.

लोखंडाचे काम सोपे होते, फक्त धीर हवा होता. कीस मिठाच्या पाण्यात भिजत घातला. त्यावर जस्ताचा मुलामा नाही, याची आधी खात्री करून घेतली. मुले रोज काठीने तो ढवळीत. तीन आठवड्यांत टबात दाट तांबूस गाळ साचला. मीठ निघून जावे म्हणून तो चार-पाच वेळा स्वच्छ पाण्याने धुतला, मलमलीच्या कापडातून गाळला आणि वाळवला. कुंभार मडक्यांना जी लाल काव देतात, तिचा लाल रंगही लोखंडाचाच असतो.

तांब्याचे काम मी स्वतः केले. मुलांना दूर उभे केले. तार चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीत लाल होईपर्यंत तापवली आणि पाण्यात बुडवली. चर्र आवाज झाला आणि तारेवरचे काळे पापुद्रे सुटून तळाशी बसले. हे तांब्याचे ऑक्साइड. पुन्हा तापवायचे, पुन्हा बुडवायचे. तासभर खपल्यावर दोन चमचे पापुद्रे जमले! ते वेगळ्या खलात, पाणी घालून खलले. कोरडी पूड नाकातोंडात जाऊ नये, म्हणून ही काळजी.

आता खरी गंमत ऐका. भांड्यावर जो काचेसारखा चकचकीत थर असतो, त्याला झिलई म्हणतात. आम्ही शिसे नसलेल्या झिलईची पूड आणली. 100 ग्रॅम पुडीत 2 ग्रॅम गंज मिसळला, दुसऱ्या वाटीत 10 ग्रॅम. तिसऱ्या वाटीत 2 ग्रॅम तांब्याची पूड घातली. चौथ्या वाटीतही तेवढेच तांबे घातले, पण तिथली झिलई सोड्याचे प्रमाण खूप जास्त असलेली होती. चार पट्ट्यांवर चार लेप लावले. ओळखीच्या एका बाईंकडे विजेची भट्टी होती. तिच्यात पट्ट्या भाजल्या.

भट्टीत जाताना दोन पट्ट्या विटकरी होत्या आणि दोन करड्या. बाहेर आल्या तेव्हा पहिली मधासारखी पिवळसर झाली होती. दुसरी गडद तपकिरी, तिसरी हिरवी आणि चौथी चक्क फिरोजी! तांबे तेच, प्रमाण तेच, पण संगत बदलली आणि रंग बदलला.

ही विद्या नवी नाही. इराणमधील काशान शहरातल्या कुंभार घराण्यात जन्मलेल्या अबुल कासिम यांनी 1301 मध्ये या कलेवर फारसीत लिहून ठेवले. त्यात भाजलेल्या तांब्याचा उल्लेख आहे. उर्दूतला 'काशीकारी' हा शब्द याच काशानवरून आला. आपल्याकडे बीदरला महमूद गवान यांनी 1472 मध्ये बांधलेल्या मदरशावर अशा रंगीत टाइल अजूनही दिसतात. जयपूरच्या निळ्या भांड्यांवरचा फिरोजी रंगही तांब्याचाच.

मित्रांनो, एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. तांब्याच्या झिलईचे भांडे शोभेसाठी ठेवावे. त्यात लोणचे, ताक किंवा लिंबाचे सरबत ठेवू नये. आंबट पदार्थ झिलईतले तांबे ओढून घेतो. नानांची कल्हई आणि आमची पट्टी, दोन्हींचा धडा एकच. आणि हे प्रयोग घरी एकट्याने करू नका. शिक्षकांना सोबत घ्या.

विज्ञान प्रदर्शनात पट्ट्यांची माहिती कोणी सांगावी, असे मी विचारले, तेव्हा वर्गाने त्याच मुलाचे नाव घेतले. कोणती वायर कोणत्या यंत्रातली आणि कोणते लोखंड लवकर गंजते, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. त्याचे वडील कामाच्या कपड्यांतच आले. फिरोजी पट्टी उलटसुलट करून पाहत म्हणाले, "हे आपल्या दुकानातले?" मुलगा म्हणाला, "हो अब्बा. पण हे सोललेले तांबे आहे, जाळलेले नाही."

महिन्याभरात त्यांनी वायर सोलण्याचे एक साधे हातयंत्र आणले. दुकानामागचा धूर थांबला. हळूहळू त्याचा खोकलाही कमी झाला.

मुलांनो, वस्तू टाकाऊ की टिकाऊ हे पुष्कळदा तिच्यावर नव्हे, तर आपल्या ज्ञानावर अवलंबून असते. जे तांबे ताकात उतरले की बाधते, तेच झिलईत बसले की डोळे निववते. तुमच्या मोहल्ल्यातही कोणी वायरी जाळत असेल. त्याला सोललेल्या तांब्याचा भाव सांगा. आणि त्याला 'भंगारवाला' म्हणून चिडवण्याआधी त्या ढिगातले रंग आठवा.