गाळून काढता येणारं आम्ल

रेठऱ्याचा कृष्णा, कराडचा सह्याद्री, साखराळ्याचा राजारामबापू: सातारा-सांगलीकडच्या माणसाला या कारखान्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. साखरेमागून मळी येते, मळी आंबवून मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, होतो आणि त्यातला बराचसा पेट्रोलमध्ये मिसळायला जातो. रसायनशास्त्राचा शिक्षक म्हणून मला वाटतं, जाळण्याआधी त्यातून मोलाचं पुष्कळ काही घडवता येईल. त्यातलंच एक ॲसिटाल.

मद्यार्काचे दोन रेणू नि अल्डिहाइडचा एक जुळला, की ॲसिटाल बनतं आणि पाण्याचा एक रेणू सुटतो. 92 ग्रॅम इथेनॉल आणि 44 ग्रॅम ॲसिटाल्डिहाइडपासून हिशेबानं 118 ग्रॅम ॲसिटाल व 18 ग्रॅम पाणी मिळतं. ॲसिटाल्डिहाइडही इथेनॉलपासूनच करता येतं, म्हणजे दोन्ही कच्चे माल एकाच मळीतले. पण खरी झुंज त्या 18 ग्रॅम पाण्याशी असते. ते तिथंच राहिलं तर अभिक्रिया अर्ध्यावर थबकते. तापवूनही भागत नाही. ही अभिक्रिया उष्णता बाहेर टाकणारी, त्यामुळे तापमान वाढलं की समतोल मागे सरकतो. शिवाय ॲसिटाल्डिहाइड 20-21 अंशांनाच उकळतं. सांगलीच्या उन्हाळ्यात ते बर्फात ठेवूनच हाताळावं लागतं.

उत्प्रेरक म्हणून आम्ल असल्याशिवाय हे घडत नाही. हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक आम्ल वापरलं, की शेवटी ते अल्कलीनं मारावं लागतं आणि खारट सांडपाणी उरतं. आम्लाचा अंश राहिला तर ऊर्ध्वपातनात ॲसिटाल पुन्हा फुटतं. घन आम्लाचं तसं नाही: काम झालं की चहापत्तीसारखं गाळून घ्यायचं नि पुन्हा वापरायचं. सल्फोनिक गट असलेले रेझिनचे मणी, आम्लसंस्कारित माती, झिओलाइट, सल्फेटेड झिर्कोनिया असे त्याचे कितीतरी प्रकार आहेत. निवड मात्र डोळसपणे करावी लागते. ॲम्बरलिस्ट-15 हे रेझिन साधारण 120 अंशांपुढे टिकत नाही, झिओलाइटच्या अरुंद छिद्रांत मोठे रेणू शिरत नाहीत, आणि पाणी आम्लस्थानांना चिकटून बसलं की उत्प्रेरक मंदावतो.

कोल्हापूर जिल्ह्यातून आलेल्या डॉ. गणपती यादव यांनी मुंबईच्या यूडीसीटीत (आताची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) या उत्प्रेरकांवर आयुष्यभराचं काम उभं केलं. सुगंधी अल्डिहाइडांची ॲसिटालं घन आम्लांवर किती वेगानं बनतात, याचाही अभ्यास त्यांनी केला. हा अभ्यास व्यवहाराच्या उपयोगाचा आहे, कारण साबणातल्या अल्कलीत अल्डिहाइडचा वास बिघडतो, ॲसिटालचा टिकतो.

2005 साली जपानच्या मिचिकाझू हारा यांच्या गटानं तर साखरच अर्धवट जाळून, तिच्यावर सल्फ्युरिक आम्लाचा संस्कार करून घन आम्ल बनवलं. उसाच्या चिपाडापासूनही असा उत्प्रेरक करता येतो. आमच्याकडे चिपाडाचे डोंगर आहेत, मद्यार्क आहे आणि महाविद्यालयांतून रसायनशास्त्राची हुशार मुलं आहेत. डिस्टिलऱ्यांनी या मुलांसाठी आपली दारं उघडावीत आणि प्राध्यापकांनी एम.एस्सी.चे प्रकल्प खऱ्या मळीच्या मद्यार्कावर करून घ्यावेत, एवढीच माझी विनंती आहे.