रुपेरी पडदा, शब्दशः

5 सप्टेंबर 2023 रोजी इस्रोने चांद्रयान-3 मोहिमेतील विक्रम लँडरचे त्रिमितीय छायाचित्र प्रसिद्ध केले. प्रज्ञान रोव्हरवरील डाव्या व उजव्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या दोन प्रतिमा त्यात एकमेकींवर बसवल्या आहेत : डावी लाल रंगात, उजवी हिरव्या-निळ्या रंगांत. दोन रंगी काचांच्या चष्म्यातून प्रत्येक डोळ्याला आपापलीच प्रतिमा मिळते आणि मेंदू त्यांतून खोली उभी करतो. अशी चित्रे विद्यार्थ्यांनी एकेकट्याने मोबाइलवर न पाहता सभागृहात एकत्र पाहावीत, म्हणून आमच्या विज्ञान मंडळाने मोठा पडदा घेण्याचे ठरवले. त्याची निवड माझ्याकडे आली.

साधा पांढरा पडदा का नको, हा पहिला प्रश्न. चंद्रासाठी तो पुरेसा आहे. लाल-निळ्या पद्धतीत मूळ रंगांचा बळी जातो. पण चंद्रभूमी मुळातच करडी असल्याने तेथे फारसे बिघडत नाही. मात्र फुलाचा अंतर्भाग किंवा प्रथिनाच्या रेणूची रंगीत प्रतिकृती दाखवायची, तर ध्रुवित प्रकाशाचा आधार घ्यावा लागतो. दोन प्रोजेक्टर, त्यांच्यापुढे परस्परांशी काटकोनात बसवलेले ध्रुवक आणि प्रेक्षकांच्या चष्म्यांत तशाच काचा.

येथे पडदा निर्णायक ठरतो. पांढऱ्या पृष्ठभागात प्रकाश आत शिरून वारंवार विखुरतो आणि ध्रुवणाची दिशा हरवतो. मग एका डोळ्याची प्रतिमा दुसऱ्यात झिरपते व प्रत्येक कडेला तिची भुताटकी दिसू लागते. धातूच्या सूक्ष्म कणांचा लेप मात्र प्रकाश पृष्ठभागावरूनच परतवतो, म्हणून ध्रुवण टिकते. सिनेमाला आपण सवयीने ‘रुपेरी पडदा’ म्हणतो. येथे तो शब्दशः रुपेरीच हवा.

विक्रेत्यांच्या शब्दांवर विसंबण्याऐवजी आम्ही नमुन्याचे तुकडे मागवले. विद्यार्थ्यांनी विजेरीपुढे एक ध्रुवक धरला, तुकड्यावर प्रकाश पाडला आणि दुसऱ्या ध्रुवकातून पाहत तो हळूहळू फिरवला. रुपेरी तुकडा एका स्थितीत जवळजवळ काळा झाला. पांढरा सर्व स्थितींत तसाच उजळ राहिला. निवडीचा अर्धा निर्णय तेथेच लागला.

उरलेला अर्धा आकाराचा. सर्वांना शक्य तितका मोठा पडदा हवा होता. पण आपल्या दोन डोळ्यांतील अंतर सरासरी साडेसहा सेंटिमीटर असते, आणि दूरच्या वस्तूच्या दोन प्रतिमा पडद्यावर त्याहून अधिक अंतरावर पडल्या, तर डोळ्यांना बाहेरच्या बाजूंना वळावे लागते. निसर्गाने ती सवय आपल्याला दिलेली नाही. दोन प्रतिमांतील अंतर चित्राच्या रुंदीच्या 2 टक्के असेल, तर 15 सेंटिमीटर रुंद मोबाइलवर ते 3 मिलिमीटर भरते. 4 मीटरच्या पडद्यावर तेच 8 सेंटिमीटर होते आणि डोके दुखू लागते. 3 मीटरवर ते 6 सेंटिमीटर, म्हणजे मर्यादेत. आम्ही 3 मीटरवर थांबलो.

रुपेरी पडद्याचा एक दोषही पत्करावा लागला. तो समोर बसलेल्यांना अधिक उजेड देतो, पण कडेच्या खुर्च्यांना अंधूक चित्र. म्हणून दोन्ही बाजूंच्या खुर्च्या काढून मागे रांगा वाढवल्या. एका वेळी बसणारे कमी झाले; त्याऐवजी खेळ दोन ठेवले.

तेवढ्यात तिरळेपणा असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, मला यातलं काय दिसेल?” ज्यांच्या दोन डोळ्यांच्या प्रतिमा मेंदूत एकत्र जुळत नाहीत, त्यांना हा उठाव दिसत नाही, कोणताही पडदा ती उणीव भरून काढू शकत नाही. मी तिला तसे स्पष्ट सांगितले. मग आम्ही काही चष्म्यांत दोन्ही बाजूंना डावीच काच बसवली. त्यांतून चित्र सपाट, पण स्वच्छ दिसते. शिवाय प्रत्येक खेळात रेणूची प्रतिकृती सावकाश फिरवून दाखवायचे ठरले, कारण फिरत्या वस्तूची खोली एका डोळ्यालाही उमगते.

आपल्या संस्थेत असा पडदा घ्यायचा असेल, तर आधी नमुना मागवा, ध्रुवक फिरवून पाहा, गणित करा. आणि कडेच्या खुर्चीवर स्वतः बसून पाहा. पडदा किती मोठा, यापेक्षा त्याच्यासमोर कोण कोण बसणार आहे, हे आधी ठरवावे.