पेडल आत गेलं, की गाडी थांबली नाही?

‘मेस्त्री, ब्रेक मऊ लागतोय’ म्हणत कुणी इलेक्ट्रिक गाडी घेऊन विट्यातल्या माझ्या गॅरेजात आलं, की बॉनेट उघडण्याआधी मी विचारतो : पेडल आत गेलं, की गाडी वेळेत थांबली नाही? पेट्रोल-डिझेल गाडीत या दोन गोष्टी बहुधा जोडीनं यायच्या. इलेक्ट्रिकमध्ये त्यांची फारकत झाली आहे. हे ज्यानं ओळखलं नाही, तो नुसती ब्रेकच्या लाइनमधली एअर काढत बसतो.

अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मोटर जनरेटर होते, चाकांची गती वीज बनून बॅटरीत जाते आणि गाडी मंदावते. गावातल्या फिरण्यात बरंचसं थांबवणं मोटरच करते. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर वीज घ्यायला जागा नसते आणि मोटरची ओढ कमी होते. चाक खड्ड्यात आदळून घसरलं तरी गाडीचा कॉम्प्युटर ती ओढ क्षणभर सोडतो. चालकाला वाटतं ब्रेक सुटला. पेडल मात्र जागेवरच असतं. अशा गाडीची ऑइल लाइन खोलून काही हाती लागत नाही. मालकाला शेजारी बसवून, बॅटरी भरलेली असताना आणि थोडी उतरल्यावर, अशी दोनदा गाडी चालवून दाखवावी लागते.

पेडल खरोखर आत जात असेल, तर ते कसं जातं हे पायानं बघायचं. गाडी उभी करून पेडल दाबून धरलं आणि ते सावकाश खाली सरकत राहिलं, तर कुठंतरी गळती आहे. बाहेर थेंब दिसत नसेल तर मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर संशयित. दोनदा पंप केल्यावर पेडल वर येऊन कडक झालं, तर पॅड किंवा लायनर लांब राहताहेत. आणि दाबताना स्पंजासारखं लागलं, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा दाबाखाली एखादा भाग वाकतोय. पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरवर मात्र उगीच आळ घेऊ नये. इंजिन नसल्यामुळे काही गाड्यांत बूस्टरच्या व्हॅक्यूमसाठी विजेचा पंप असतो. तो बंद पडला तर पेडल दगडासारखं कडक होतं, मऊ नाही. २०२० च्या नेक्सॉन ईव्हीला मागे ड्रम होते. २०२२ च्या नेक्सॉन ईव्ही मॅक्सला चारही डिस्क आणि व्हॅक्यूमविना चालणारी बूस्ट यंत्रणा आली. काही नव्या गाड्यांत तर पायाला जाणवणारा दाब आतली स्प्रिंग देते. तिथं एकट्या पायावर विसंबून चालत नाही, स्कॅनर लावावाच लागतो.

आमच्या खानापूर तालुक्याची एक वेगळी गोष्ट आहे. इथली असंख्य कुटुंबं सोनं-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. दसरा-दिवाळीला माणसं गावी येतात, बाकीचे महिने गाडी घरापुढं उभी. अशाच एका घरची गाडी माझ्याकडे आली. दुसरीकडे एअर काढून झाली होती, ऑइल नवं होतं, तरी पेडल स्पंज मारत होतं. मी गुळगुळीत जबड्याच्या क्लँपनं एकेका चाकाचा रबरी पाइप हलकेच दाबून बघितला. पुढचा डावा पाइप बंद केला आणि पेडल लगेच ताठ झालं. म्हणजे दोष त्या चाकापाशी. चाक काढलं. कॅलिपरची पिन गंजून अडकली होती, पॅड तिरपा झिजला होता. ब्रेक दाबला की कॅलिपर सरकण्याऐवजी वाकत होता, तेच पायाला मऊ लागत होतं. पिना आणि पॅड बदलले, ब्रेकसाठीचं वेगळं ग्रीस लावलं (साधं ग्रीस तिथलं रबर फुगवतं) आणि पेडल जागेवर आलं.

इलेक्ट्रिक गाडीचा ब्रेक झिजून कमी आणि पडून राहून जास्त खराब होतो, असं माझं ठाम मत आहे. पॅड जाड दिसले म्हणून ब्रेक चांगला, हा हिशेब इथं लागू नाही. डिस्क गंजते, पिना अडकतात आणि गाडी उभी असली तरी ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषत राहतं. डॉट ४ चं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की प्रमाणित मर्यादा १५५ अंशांवर येते.

विट्याहून कऱ्हाड, पाटण, कोयनानगर करत कोकणात जाणाऱ्यांना हा आकडा मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं कुंभार्ली घाट आहे. माणसं-सामानासह १८०० किलोची गाडी ५०० मीटर खाली उतरली, तर जवळपास अडीच युनिट ऊर्जा कुठंतरी जिरवावी लागते. बॅटरीत जागा असेल तर तिचा मोठा वाटा मोटर ओढून घेते. घाटाच्या वर मुक्काम करून शंभर टक्के चार्ज केलेली गाडी खाली काढली, तर ते बहुतेक ओझं ब्रेकवर पडतं. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दबते आणि पेडल जमिनीला टेकतं. खाली पोचून ब्रेक गार झाला की पेडल बरंचसं पूर्ववत लागतं, म्हणून गॅरेजात दोष सापडत नाही. अशा वेळी मी ऑइलचा उकळबिंदू तपासतो. हे टाळायचं, तर वर मुक्काम असताना चार्जिंग ८०-८५ टक्क्यांवर थांबवा.

ऑइल किलोमीटरवर नाही, वर्षांवर बदला. बहुतेक गाड्यांना दोन वर्षं ही मुदत योग्य. डबा सीलबंद आणि तुमच्यासमोर फोडलेला हवा. उरलेलं ऑइल पुढच्या वर्षासाठी ठेवू देऊ नका. गाडी उचलताना जॅक ठरलेल्या जागीच लावलाय ना, तेही बघा, कारण पोटाखाली बॅटरी आहे. जास्त व्होल्टेजच्या नारिंगी केबलला ब्रेकच्या कामात हात लावायची गरज नसते. एअर काढताना एबीएसचे व्हॉल्व्ह स्कॅनरनं उघडावे लागतात का आणि कुठल्या चाकापासून सुरुवात करायची, हे त्या मॉडेलच्या पुस्तकात बघूनच करायला सांगा. आणि गाडी गावी ठेवून जाणार असाल, तर कुणाला तरी आठवड्यातून एकदा ती बाहेर काढायला सांगा. मोकळा रस्ता बघून, मोटरची ओढ कमीत कमी ठेवून, पाचसहा वेळा पायानं ब्रेक दाबला की डिस्कवरचा गंज निघून जातो.